दुसऱ्या कडव्यानंतर गाणं का सुटतं?

तुझी तिन्ही गाणी ऐकली. आईवरचं चारदा, बाकीची दोन-दोनदा. आधी तुझं म्हणणं माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच कळेल. तू सिन्नरचा, वय सव्वीस, नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात सीएनसी मशिनवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, शिफ्टची नोकरी. गाणी स्वतः लिहितोस, चाल स्वतः लावतोस, मित्राकडे रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतोस. ऐकणारे म्हणतात आवाज छान, शब्द छान. पण दुसरं कडवं सुरू झालं की निघून जातात, हे तुला तिथल्या आलेखात दिसतं. काय चुकतं, मुंबईला जावं का, एका कंपनीने एकरकमी सात हजार देऊ केलेत त्या कागदावर सही करावी का, आणि माईक कोणता घ्यावा, असे चार प्रश्न. माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

मी तीसेक वर्षं नाशिकातच हे काम करतो. सुरुवात पंचवटीत कीर्तनाला पेटीची साथ करण्यापासून. मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड, राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांना संगीत, कॅसेटच्या काळात देवीची गाणी, निवडणुका आल्या की प्रचाराची गाणी. त्या प्रचाराच्या गाण्यांवर घर चाललं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आता दोन खोल्यांचा स्टुडिओ आहे. तेव्हा मी सांगतो ते पुस्तकातलं कमी आणि हाताखालून गेलेलं जास्त.

आईवरचं गाणं घेऊ. पहिल्या कडव्यात आई थोर आहे. दुसऱ्या कडव्यात आई थोर आहे. तिसऱ्यात फारच थोर आहे. अरे, ऐकणाऱ्याला ते पहिल्या कडव्यातच पटलेलं असतं, त्यालाही आई आहे. पटलेलं पुन्हा पटवायला बसलास की तो उठतो. आवाज चांगला म्हणून एक कडवं थांबला, ही त्याची माणुसकी.

आणि तुझ्या पत्रात काय आहे बघ. गाण्याबद्दल लिहिता लिहिता तू सहज लिहून गेलास की आई विड्या वळायची, शाळेतून आलास की तू शेजारी बसून विड्यांची तोंडं दुमडायचास, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचास, आणि आई मान वर न करता मधूनमधून विचारायची, ‘किती झाल्या?’ सिन्नरमधल्या कितीतरी घरांची ही संध्याकाळ. ती पत्रात आली आणि गाण्यात आली नाही. गाण्यात लिहायला बसलास तेव्हा तुला वाटलं असणार की गाणं म्हणजे काहीतरी मोठं, तिथे विडी कशी चालेल. तिथे ‘ममतेचा सागर’ आला.

आता ‘किती झाल्या?’ हेच ध्रुपद, म्हणजे दर कडव्यानंतर फिरून येणारी ओळ, धर. पहिल्या कडव्यात आई विचारते, पोर मोजतं. साधा प्रश्न, घरातला. दुसऱ्या कडव्यात सूप घेऊन आई कारखान्यात गेलीय, तिथला माणूस विड्या हातात घेऊन बघतो, काही नापास करून बाजूला टाकतो, आणि तोही तेच विचारतो, ‘किती झाल्या?’ शब्द तोच, पण आता आई उत्तर देणारी झाली. पोराने आईला पहिल्यांदा खाली मान घालून उभी बघितलं. तिसऱ्या कडव्यात पोर अंबडला मशिनवर उभं आहे, शिफ्ट संपत आलीय, सुपरवायझर येतो आणि विचारतो, ‘किती झाले?’

विड्यांचे जॉब, मशिनवर घडणारे सुटे भाग, झाले. ‘झाल्या’चं ‘झाले’ झालं, एवढंच. एका मात्रेचाही फरक नाही, दोन्हींत दोन गुरू, दोन लांब अक्षरं, म्हणजे चाल जागची हलत नाही. पण त्या एका स्वरात वीस वर्षं गेली आणि आईचं पोर आईच्या जागी येऊन उभं राहिलं. हे तुला कुठे समजावून सांगायचं नाही. ‘आता कळलं आई तुझं दुःख’ अशी ओळ पुढे जोडलीस तर मी स्टुडिओत येऊ देणार नाही.

गोष्ट सांगणाऱ्या गाण्याचं मला कळलेलं वर्म हेच आहे: ध्रुपद परत येतं तेव्हा ते तेच असायला नको. अक्षरं तीच असू देत, पण बोलणारा बदललेला असेल, ऐकणारा बदललेला असेल, किंवा मधल्या कडव्यात असं काही घडून गेलेलं असेल की त्याच अक्षरांचा अर्थ हललेला असेल. तुझ्या गाण्यात ध्रुपद दर वेळी गेलं तसंच परत येतं. दोनदा तेच होऊन आलं की तिसऱ्यांदा काय येणार हे ऐकणाऱ्याला कळतं, आणि तो दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीलाच बोट हलवतो. तुझ्या आलेखातला खड्डा तो.

हे मी कीर्तनात शिकलो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला, म्हणजे पहिल्या भागात, एखादा अभंग घेतात आणि त्याचं निरूपण करतात. दर थोड्या वेळाने बुवा फिरून अभंगाच्या पहिल्या ओळीवर येणार, आणि मी पेटीवर तो सूर धरून बसायचा. पहिले काही महिने मला तो निव्वळ कंटाळा वाटायचा. सोळा वर्षांचा होतो, लक्ष प्रसादाकडे. मग एकदा लक्षात आलं की बुवा ओळीवर येतात तेव्हा समोरच्या बायका दर वेळी वेगळ्या ठिकाणी मान हलवतात. पहिल्यांदा पहिल्या शब्दावर, दुसऱ्यांदा शेवटच्या. बुवांनी मधल्या दहा मिनिटांत त्या ओळीतला एकेक शब्द उजळून ठेवलेला असायचा. उत्तररंगात, दुसऱ्या भागात, आख्यान लागलं की कथा धावायची, साक्या, दिंड्या, कटाव असे पद्यप्रकार यायचे, आणि शेवटी पुन्हा तीच ओळ. तोवर ती ओळ अभंगाची राहिलेली नसायची, आख्यानातल्या माणसाची झालेली असायची.

पोवाड्यात हेच काम झीलकरी, शाहिरामागे सूर धरणारे साथीदार, करतात. ‘जी जी रं जी’ला अर्थ काय? काही नाही. पण शाहिराला श्वास मिळतो, आणि ऐकणाऱ्याला आत्ता काय घडलं ते पोटात उतरवायला दोन क्षण मिळतात. तुझ्या गाण्यात असे दोन क्षण कुठेच नाहीत. जिथे जागा होती तिथे मित्राने बासरी भरून टाकलीय.

दुसरी गोष्ट, कोण कुणाला बोलतंय? तुझी तिन्ही गाणी सगळ्यांना उद्देशून आहेत, म्हणजे कुणालाच नाहीत. गीतरामायणाचं उदाहरण सगळेच देतात, मीही देतो, पण थोड्या वेगळ्या कारणासाठी. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक, अशी छप्पन गाणी गेली. रामाची गोष्ट कुणाला माहीत नव्हती? आपल्या पंचवटीत तर शाळेत न गेलेल्या म्हातारीला सीतागुंफा कुठे आणि काळाराम कुठे हे माहीत. म्हणजे पुढे काय होणार हे कुतूहल शून्य. तरी लोक रेडिओभोवती बसले, कारण दर गाणं कुणाच्या ना कुणाच्या तोंडी होतं. आज कौसल्या बोलतेय, आज भरत, आज शूर्पणखा. गोष्ट माहीत असली तरी ती या माणसाच्या तोंडून ऐकलेली नसते.

मराठीत तर बोलणारा लपवणंच अवघड. ‘गेलो’ म्हटलं की पुरुष, ‘गेले’ म्हटलं की बाई, पहिल्या क्रियापदाला पडदा उघडतो. आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ हे दोन शब्द तर देणगीच आहे. ‘आम्ही उपाशी झोपलो’ यात तू, ऐकणारा, बाहेर आहेस. ‘आपण उपाशी झोपलो’ म्हटलं की तू आत आलास. तुझ्या तिसऱ्या गाण्यात, ते दोन भावांच्या वाटणीवरचं, पहिल्या दोन कडव्यांत मोठा भाऊ सगळीकडे ‘आम्ही’ म्हणतो. शेवटच्या कडव्यात एकदाच ‘आपण’ येऊ दे. बाकी काही करू नकोस, बांधाचं रडगाणं नको, मातीची शपथ नको. तेवढ्या एका शब्दावर धाकटा भाऊ दारात उभा असल्यासारखा वाटेल.

‘रे’, ‘गं’, ‘बाई’, ‘राया’ हे शब्द तू मात्रा भरायला वापरलेस. तुझ्यासारखे सगळेच वापरतात, मीही वापरलेत, देवीच्या गाण्यांत तर पोत्याने. पण ‘गं’ म्हटलं की समोर एक बाई उभी राहते. ती कोण, हे तुला ठाऊक नसेल तर ती तिथे ताटकळत उभी राहते आणि ऐकणारा तिच्याकडे बघत बसतो.

याच नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये कवितांची पुस्तिका छापल्याबद्दल जन्मठेप झाली, अंदमानला धाडलं. कविता देवादिकांच्या आणि शिवाजी महाराजांच्या नावाने बोलत होत्या. पण रोख चालू सरकारवर आहे असं कोर्टाने म्हटलं. राजकारण बाजूला ठेव, कारागिरी बघ. बोलणारा एक, नाव दुसऱ्याचं, ऐकणारा तिसरा, आणि तरी कुणाला काय सांगायचंय ते सगळ्यांना, अगदी न्यायाधीशालाही, नेमकं कळलं.

आणि तू सिन्नरचा असून पत्रात लोककवी वामनदादा कर्डकांचं नाव नाही, याचं मला जरा वाईट वाटलं. देशवंडी तुझ्याच तालुक्यातलं. १९२२ चा जन्म, अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत कष्टाची कामं करताना. आणि तरी हजारोंनी गाणी लिहिली, गावोगाव बाबासाहेब पोचवले, २००४ मध्ये गेले. त्यांनी कितीतरी गाणी लोकांच्या ओळखीच्या चालींवर बांधली. पांढरपेशा संगीतवाले याला नाक मुरडतात. त्यात केवढी अक्कल आहे ते मला प्रचाराची गाणी करताना कळलं. चाल नवी असली की ऐकणाऱ्याचं अर्धं लक्ष चालीत जातं. चाल आधीच त्याच्या अंगात असेल तर पहिल्या ओळीपासून सगळं लक्ष शब्दांवर. दिवसभर राबून रात्री जमलेल्या माणसांसमोर, भोंग्यातून, एकदाच ऐकू येणार असेल तर दुसरा हिशोब नाही. तू मात्र चित्रपटाची चाल उचलून यूट्यूबवर टाकू नकोस, कॉपीराइटचा दावा येईल. ओव्या आहेत, गोंधळाच्या चाली आहेत, जात्यावरच्या आहेत. आजीला गायला लाव.

आता चाल आणि शब्द यांचं भांडण. तुझ्या दुसऱ्या गाण्यात एका ओळीत ‘घर’ तू बोलल्यासारखं म्हणतोस, ‘घर्’, आणि पुढच्याच ओळीत ‘घ-र’ असं दोन अक्षरांत ताणतोस. मराठी बोलताना आपण शेवटचा ‘अ’ खातो, छंदात मात्र तो मोजतो. भावगीत छंदाच्या बाजूने जातं, ‘र’ पूर्ण गायला जातो. पोवाडा, रॅप, बोलगाणं ही बोलण्याच्या बाजूने जातात. दोन्ही चालतं, पण एका गाण्यात एकच. मध्येच बदललंस की ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण बोलणारा माणूस बदलल्यासारखं वाटतं. आणि तुझ्या गाण्याला ते परवडणार नाही, कारण आपण बोलणारा माणूसच तर उभा करतोय. तीच गत ‘च’ची. ‘चूल’ म्हणताना तू ‘चंद्र’मधला च लावलास. हिंदी गाणी गाऊन गाऊन जीभ तशी वळते. सिन्नरची बाई असली चूल पेटवत नाही.

समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, काय येतं तेही तपास. तुझ्याकडे समेवर विशेषणं येतात: ‘थोर’, ‘गोड’, ‘कोमल’. सम म्हणजे गाण्यातली वजन पेलणारी जागा. तिथे वस्तू येऊ दे नाहीतर क्रिया येऊ दे. सूप, दोरा, मोजणं, दुमडणं. एक कडवं तसं करून बघ, गाणं जमिनीवर येईल.

सुरुवातीचं संगीत अठ्ठेचाळीस सेकंद आहे, मी मोजलं. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तव्यावर, म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्डवर, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, त्यात लोकांनी तीन-तीन कडवी आणि पूर्ण आयुष्यं बसवली. तू पहिल्या मिनिटात मला फक्त पाऊस, बासरी आणि कोंबडा ऐकवलास. कोंबडा तर काढच.

ढोलाबद्दल बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे तो दर गाण्यात येतो. नाशिकचा ढोल आपला अभिमान, मान्य. केरळातसुद्धा मिरवणुकांत ‘नाशिक ढोल’ याच नावाने पथकं वाजवतात. पण ढोलाचा खालचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तुझ्या आवाजाचा पाया जिथे असतो तिथेच, येऊन बसतो. आणि ताशाची काडी वाजते दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात, जिथे क, च, ट, स ही व्यंजनं ऐकू येतात. एकाने आवाज खाल्ला, दुसऱ्याने शब्द. मिरवणुकीत ते चालतं, तिथे गोष्ट ऐकायची नसते. तुझ्या वाटणीच्या गाण्यात भाऊ काय म्हणतो ते मला दुसऱ्यांदा हेडफोन लावून कळलं. कडव्यांत ताशा पूर्ण बंद ठेव. ढोल हवाच असेल तर ध्रुपदाला, तोही काठावर, हलका. मित्राला सांग की मी सांगितलं. तो रागावेल, ताशाचं रेकॉर्डिंग त्याने फार मेहनतीने केलेलं दिसतं.

मुंबईचं लवकर उरकतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ चा पहिला चित्रपट मुंबईत केला आणि लगेच बिऱ्हाड नाशिकला आणलं. १९१७ चं ‘लंकादहन’ इथलं. कवी शिरवाडकर तरुणपणी इथल्याच गोदावरी सिनेटोन या चित्रपट कंपनीत होते. नाटककार वसंत कानेटकर इथल्या एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवत राहिले आणि नाटकं मुंबईत चालत राहिली. मालेगावात यंत्रमागावरच्या माणसांनी साधे व्हिडिओ कॅमेरे घेऊन गाजलेल्या चित्रपटांच्या आपल्या आवृत्त्या काढल्या आणि त्यांच्यावर माहितीपट निघाला. ही यादी सभेत सांगायला बरी. पण खरं सांगायचं तर गाणं विकत घेणारे अजून मुंबईतच बसतात. निर्माते, मोठे गायक, वादक तिथेच. फरक इतकाच की तिथे राहायला जायची गरज नाही. माझी पिढी पंचवटी एक्सप्रेसने गेली आणि पंचवटीनेच परत आली. सकाळी नाशिकरोडहून चढायचं, दुपारभर भेटीगाठी, रेकॉर्डिंग, संध्याकाळी परतीची गाडी. डब्यात पासवाल्यांची भजनं असायची, मी त्यांच्या दोन चाली ढापल्यासुद्धा आहेत. महिन्याला एक रजा टाक आणि जा. नोकरी सोडू नकोस. दर महिन्याच्या भाड्याची धास्ती लागली की माणूस कोणाचंही, कसलंही लिहितो, आणि दोन वर्षांत आईची विडी विसरतो. शिवाय तुझी शिफ्ट हाच तुझा माल आहे. मशिनवर उभं राहून गाणी लिहिणारा मुंबईत पटकन सापडत नाही.

आता कागद. इथे मी हळू बोलणार, कारण इथे मी पोळलोय. कॅसेटच्या दिवसांत एका कंपनीने देवीच्या आठ गाण्यांचे मला चार हजार दिले. कागद इंग्रजीत होता, मी वाचला नाही, चहा चांगला होता. पहिल्या कॅसेटवर नाव आलं, नंतरच्या खेपेला गेलं. पुढे तीच गाणी इंटरनेटवर आली. एके दिवशी पुतणीने शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यातलंच एक म्हटलं आणि पडद्यावर काय लिहून आलं? ‘पारंपरिक’. मी जिवंत असताना परंपरेत जमा झालो.

तेव्हा सही करू नकोस, आधी कागद मागून घे आणि घरी वाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली ती नेमकी आपल्यासाठी आहे. गीतकार आणि संगीतकाराने हक्क कंपनीला दिले तरी गाणं पुढे जिथे जिथे वापरलं जाईल तिथल्या रॉयल्टीत त्याचा बरोबरीचा वाटा राहतो. तो वाटा तू वारसाला देऊ शकतोस किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीकडे सोपवू शकतोस. कंपनीला सोडून देतो असं लिहून दिलंस तरी कायद्याने ते टिकत नाही. गीतकार-संगीतकारांची ही वसुली आयपीआरएस करते, १९६९ पासूनची संस्था, २०१७ मध्ये दुरुस्त झालेल्या कायद्याखाली तिची पुन्हा नोंदणी झाली. तिचा सभासद हो. शब्द आणि चाल यांवरचा हक्क तुझ्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं चालतो, म्हणजे सात हजार रुपयांच्या बदल्यात तू नातवंडांची गोष्टही करतोयस.

करारात किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारत धरतो. म्हणून कंपन्या ‘कायमस्वरूपी’ आणि ‘संपूर्ण विश्वात’ असं आठवणीने लिहितात. विश्वात हा शब्द मी खरोखर वाचलाय, मंगळावर देवीचं गाणं वाजलं तर त्याचेही पैसे त्यांचे. त्या दोन शब्दांवर काट मार आणि मुदत घाल. गाणं जाईल तिथे गीतकार आणि संगीतकार म्हणून तुझं नाव द्यायचं, हेही लिहून घे. तू गायलंयस, त्याचा गायक म्हणून हक्क वेगळा आहे, तो शब्दांच्या हक्कात गुंडाळू देऊ नकोस. कंपनी म्हणेल, सगळेच असं देतात. म्हणू दे. आणि सही करण्याआधी दोन तास वकिलाला दाखव. मी वकील नाही, फक्त एकदा चहा महागात पडलेला माणूस आहे.

माईक आत्ता घेऊ नकोस. पाच-सात हजारांचा माईक सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाजाआधी खोली रेकॉर्ड करतो. कपाटाचं दार उघड, आत कपडे टांगलेले असतील तिकडे तोंड करून उभा राहा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ची हवा थेट बसणार नाही. पंखा बंद. सेकंड शिफ्टवरून आल्यावर रात्री गा, तेव्हा रस्ताही निजलेला असतो. नवं ध्रुपद घालून तीन कडवी अशी कर, ताल नको, पेटीसुद्धा नको, नुसता आवाज, आणि पाठव.

आणि एक रेकॉर्ड करून ठेव. आईला विचारून, तिची हरकत नसेल तर, तिच्याच आवाजात ‘किती झाल्या?’ एवढंच. गाऊन नको, मान खाली घालून विचारायची तसं. शेवटच्या कडव्यानंतर ते वापरायचं की नाही हे तू आलास की ठरवू. मला तरी आत्ता वाटतंय, वापरू नये.